पान, पेटी आणि पोथी

मनुष्य काय जपून ठेवितो याची चौकशी इतिहासात पुष्कळ होते. परंतु ते तो कशात ठेवितो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तरवारीवर लेख निघतात, म्यानावर निघत नाहीत. पोथीवर ग्रंथ होतात, पण पोथीच्या पेटीवर कोणी दोन ओळीही खर्ची घालीत नाही. हा दोष आमच्याही अंगी होता. तो आमच्या ध्यानात कसा आला, ही हकीकत प्रथम सांगितली पाहिजे, कारण या लेखाचे मूळ तीतच आहे.

एरंडोलकडील आमचे जुने धाब्याचे घर काही वर्षांपूर्वी मोकळे करावयाचे ठरले, तेव्हा माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. एक, पणजोबांची चिरुटांची पेटी. पणजोबा स्वतः तंबाखूस शिवत नसत. पण ते जंगलखात्यात कारकून असताना एका साहेबाने विलायतेस परत जातेवेळी ती त्यांस भेट दिली होती, आणि घरातील तीन पिढ्यांच्या बायकांनी तीत सुया, दोरे व गुंड्या ठेविल्या होत्या. दुसरी वस्तू म्हणजे पत्र्याची एक ट्रंक. तीत घराण्याचे कागद होते: जमाखर्चाच्या वह्या, वतनाच्या नकला, आणि दोन पोथ्या. हे कागद पूर्वी सागाच्या एका मोठ्या पेटाऱ्यात असत. पेटारा जड, जुनाट आणि जागा अडविणारा म्हणून आम्हीच तो एकास देऊन टाकला होता, कागद नव्या चकचकीत ट्रंकेत भरले होते, आणि आपण मोठी सुधारणा केली अशा समजुतीत दहाबारा पावसाळे स्वस्थ बसलो होतो. ट्रंक उघडली तो आत कागद नव्हते. राखी रंगाचा एक लगदा होता. चिरुटाची पेटी मात्र जशीच्या तशी! जी पाने क्षणात ओढून राख व्हावयाची, त्यांच्यासाठी केलेले घर शाबूत राहिले. आणि जी पाने पाच पिढ्यांनी राखली, त्यांचे आमच्या हातून मातेरे झाले.

हा चमत्कार कशाने घडला, याचा शोध घेता घेता आम्हांस जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. धूम्रपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तंबाखूने मनुष्याचे कल्याण होत नाही, हे आता वैद्यकाने निःसंशय ठरविले आहे. परंतु एका व्यसनाच्या पायी सुतारकामातील एक सूक्ष्म विद्या वाढीस लागली, आणि ती विद्या निरुपद्रवी पानांच्याही कामी येणारी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

‘पान’ हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. विड्याचे ते पान, तंबाखूचे तेही पान, आणि पोथीचेही पानच. हा केवळ शब्दाचा खेळ नव्हे. तिन्ही पानांचा वैरी एकच, तो म्हणजे हवेतील ओल. ती कमी पडली तर पान कोळपते, तडकते. अधिक झाली तर बुरसते, सडते. ही ओल मर्यादेत राखणे हीच पान जपण्याची सारी कला होय.

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांच्या मार्फत आली आणि दक्षिणेत आधी रुजली. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापुरास गेला असता त्याला ती तेथे आढळली. आग्र्यास परतल्यावर त्याने रत्नजडित नळी आणि तंबाखू बादशहास नजर केली. बादशहाने काही झुरके घेतले आणि हकिमांनी त्यास मना केले, ही हकीकत असदबेगाने स्वतः लिहून ठेविली आहे. तो विजापुरास ज्या शाहजाद्याची वधू आणण्यास गेला होता तो दानियाल खानदेशच्या सुभ्यावर होता. १६०१ मध्ये अशीरगड पडल्यावर खानदेशास काही काळ ‘दानदेश’ हे नाव मिळाले, ते याच शाहजाद्याच्या नावावरून. असदबेगाच्या हकीकतीतील एक बारीकशी गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगी आहे. आदिलशहाने त्यास एक उत्तम कारागिरीचा पानाचा बटवा दिला होता. त्यातच त्याने निवडक तंबाखू भरून नेली. म्हणजे परदेशातून आलेल्या या पाहुण्या पानास बादशाही दरबारात नेले, ते आमच्या विड्याच्या पानाच्या घरातून! पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूस बंदी घातली. पण बटव्यात शिरलेली ही पाहुणी काही बाहेर निघाली नाही.

विड्याच्या पानाची निगा आपल्या घरोघर ठाऊक होती. पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी, फडके सुकले की पुन्हा भिजवावे, दर एकदोन दिवसांनी पाने उलटीपालटी करून डागाळलेली वेचून टाकावी, हे काम घरातील वडीलधाऱ्या बायका नित्य करीत. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या तिन्ही प्रश्नांस ‘न फिरविल्याने’ असे एकच उत्तर देणाऱ्या बिरबलाची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. तिच्यात जपणुकीचे केवढे शास्त्र साठविले आहे, हे मात्र मोठेपणीही फारसे कोणी मनात आणीत नाही.

चिरूट हा शब्द मूळ तमिळ. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. एकोणिसाव्या शतकात त्रिचनापल्ली आणि दिंडिगल येथील चिरुटांची इतकी प्रसिद्धी झाली की, १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. कावेरीकाठच्या सर्द हवेत वळलेला हा माल उत्तरेस येऊ लागला आणि त्याच सुमारास खानदेशातून लोहमार्गही गेला. भुसावळवरून गाडी १८६७ मध्ये नागपुरास व १८७० मध्ये जबलपुरास पोहोचली. चाळीसगावहून धुळ्याचा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. रेल्वेचे, पलटणीचे आणि जंगलाचे गोरे अंमलदार या मुलखात राहू लागले, आणि त्यांच्या चिरुटांस खानदेशच्या उन्हाळ्याशी गाठ पडली.

हा उन्हाळा काय वस्तू आहे, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांस सांगावयास नको. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर चढतो, आणि दुपारच्या हवेतील ओल शेकडा २० च्याही खाली उतरते. श्रावणात तीच ओल शेकडा ८० च्या वर जाते. चिरुटास हवी असते शेकडा ६५ ते ७० च्या आसपासची ओल, तीही बारा महिने सारखी. उघड्यावर ठेविलेला चिरूट आमच्या वैशाखात बोट लावताच चुरा होतो, आणि श्रावणात त्यास बुरशी येते. जी पेटी या दोन टोकांमध्ये आपल्या पोटातील हवा स्थिर राखील, ती खरी पेटी. इंग्रज लोक तिला ‘ह्युमिडॉर’ म्हणतात. आम्ही तिला ओलपेटी म्हणू.

पणजोबांची पेटी आम्ही जळगावच्या एका वृद्ध सुतारास दाखविली. त्यांनी प्रथम लाकडाकडे पाहिलेच नाही. झाकण वर उचलून सोडून दिले. ते धाडकन न आपटता, आतील हवेच्या गादीवर टेकत टेकत, हलकेच बसले. तेव्हा म्हातारबाबा हसले आणि म्हणाले की, ज्याने हिला केले त्यास लाकडाचा स्वभाव कळत होता. मग त्यांनी आम्हांस एकेक मर्म उलगडून दाखविले. बाहेरच्या बाजू शिसवीच्या. कोपऱ्यात खिळा नाही, पारव्याच्या शेपटीसारखे रुंदावत गेलेले दाते एकमेकांत बसविलेले, त्यामुळे सांधा ओढून सुटत नाही. आत तांबूस, हलक्या, सुवासिक लाकडाच्या पातळ फळ्यांचे अस्तर. ते पेटीच्या काठापेक्षा बोटभर उंच ठेविलेले, म्हणजे झाकण त्यावर टोपीसारखे बसते आणि फटीतून हवा सरळ आत शिरू शकत नाही. बाहेरून रोगण केलेले, आतून लाकूड उघडे. बाहेरची हवा लाकडाने पिऊ नये, आतली मात्र प्यावी आणि परतही द्यावी. अस्तर सरसाने सर्वांगी चिकटविलेले नाही, नुसते ठासून बसविलेले आहे. कारण आतले लाकूड ओलीने फुगणार आणि बाहेरचे उन्हाने आकसणार, आणि दोघांस एकत्र जखडले तर एक दुसऱ्यास फाडील. झाकणाच्या आत पितळेची एक सच्छिद्र डबी आहे; तीत पाण्याने भिजविलेला स्पंज ठेवीत.

लाकडाचे हे आकसणे-फुगणे म्हणजे सुतारविद्येचे पहिले कोडे होय. शेकडा ७० ओल असलेल्या हवेत लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा १३ च्या आसपास पाणी धरून बसते. आमच्या वैशाखात ते प्रमाण चार-पाचावर येते आणि श्रावणात सोळापर्यंत चढते. हा सारा फरक फळीच्या रुंदीत दिसतो, लांबीत जवळजवळ मुळीच दिसत नाही. हातभर रुंद सागाची फळी ऋतुमानाप्रमाणे पाव इंचापर्यंत कमीजास्त होऊ शकते, आणि साग हे तर अत्यंत स्थिर लाकडांपैकी समजले जाते! आमच्या जुन्या वाड्यांच्या दारांत चौकट पक्की साल-कुसाने जोडलेली असे, पण मधली फळी चौकटीच्या खाचेत सुटी सोडलेली असे, ती याचसाठी. लाकडास बांधून ठेवू नये, त्यास हालण्यास जागा द्यावी, हे सूत्र विलायती पेटीत आणि खानदेशी कवाडात एकच आहे.

नवी ओलपेटी वापरण्यापूर्वी आतून पाण्याच्या फडक्याने पुसून काही दिवस मिटून ठेवावी लागते. कोरे लाकूड तहानलेले असते. त्यास आधी पाणी पाजले नाही तर ते चिरुटांतील ओल पिऊन टाकते. नवा माठ पहिल्या दिवशी जसा आपणच पाणी पितो, तसाच हा प्रकार.

आता ते आतले तांबूस लाकूड कोणते? इंग्रजीत त्यास ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. पण ते स्पेनचे नव्हे आणि देवदाराच्या जातीचेही नव्हे. ते अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील झाड. शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. आणि त्याचे कुळ कोणते म्हणाल, तर आमच्या कडुनिंबाचे! याच कुळातील तूण हा वृक्ष हिमालयाच्या पायथ्याशी व सह्याद्रीच्या सर्द दऱ्यांत होतो. तो या अमेरिकन झाडास इतका जवळचा की, वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वी त्यास ‘सेड्रेला’ याच नावाखाली घातले होते. हिंदुस्थानात चहाच्या व चिरुटांच्या पेट्यांस तुणीचे लाकूड लावीत. हलके, सच्छिद्र, ओल घेणारे आणि देणारे, वासाने किड्यास दूर ठेवणारे, असे हे लाकूड आहे. सागाचे काय? साग टिकाऊ खरा; पण त्याचा तेलकट उग्र वास पानास लागतो, म्हणून तो अस्तरास चालत नाही.

निंबाच्या कुळाचा हा गुण आमच्या बायकांस पुस्तकावाचून ठाऊक होता. धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला, कपड्यांत आणि पोथ्यांत वाळलेला पाला किंवा वेखंडाचा तुकडा, ही पद्धत खानदेशात घरोघर होती. त्यात एक मौज आहे. तंबाखूस पोखरणारा जो तपकिरी, तिळाएवढा किडा, तोच हळकुंडे पोखरतो आणि तोच पुस्तकांच्या बांधणीतील खळही खातो. ज्या शत्रूसाठी क्यूबातील पेटीवाला सेड्रेला शोधीत होता, त्याच शत्रूसाठी एरंडोलची आजी निंबाचा पाला वाळवीत होती.

बाहेरील शिसवीकडे पाहू. सुरत व मुंबई येथे एकोणिसाव्या शतकात सादेली कामाच्या पेट्या होत; हस्तिदंत, अबनूस, चंदन, कथील यांच्या बारीक काड्या जुळवून, त्यांच्या पातळ चकत्या कापून त्या लाकडावर बसवीत. जॉर्ज बर्डवुड याने १८८० मध्ये हिंदी कारागिरीवरील आपल्या ग्रंथात या कामाची हकीकत दिली आहे. सुरत हे तापीच्या मुखाशी, आणि खानदेश तापीच्या पोटाशी. आमच्या पेटीवर मात्र असली नक्षी नाही. ती साधी आहे, आणि सातपुड्यात शिसव होत असे. ती कोठल्या रानातील, हे सांगण्यास आज साधन नाही.

खानदेशची लाकडाची समृद्धी मोठी होती आणि प्रत्येक लाकडास त्याचे काम नेमून दिलेले होते. तुळया व पेटारे सागाचे, गाडीच्या दांड्या व औतांची कामे तिवसाची, चाके बाभळीची. खांब अंजनाचे; हा अंजन इतका जड की पाण्यात बुडतो, आणि इतका कठीण की पटाशीची धार जाते. हलक्या खोक्यांस सालई. यातील कोणते झाड कोठे आहे, हे भिल्ल-पावऱ्यांस ठाऊक. त्याचे काय करावे, हे सुतारास ठाऊक. या दोन ज्ञानांच्या मिलाफावर खानदेशची घरे उभी होती.

हा मिलाफ तुटला कसा, हा इतिहास दुःखाचा आहे. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि लुटालुटीने हा मुलूख ओसाड झाला होता. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला तेव्हा पुष्कळ शेतांवर रान माजलेले होते. पुढे शांतता झाली, लागवड वाढली, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसास सोन्याचा भाव आल्यावर काळी जमीन नांगराखाली येण्यास वेळ लागला नाही. डांगचे सागवान १८४० नंतर लवकरच कंपनीने भिल्ल नाईकांकडून पट्ट्याने घेतले. मुंबईच्या गोदीस लाकूड हवे होते. मग लोहमार्ग आला. त्यास रुळांखाली लाकूड हवे आणि इंजिनात जळणही हवे. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी उरलेले रान सरकारी झाले. ते राखणे अवश्य होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या भिल्लास झाडाची नस ठाऊक होती, त्याच्याच हातातील कुऱ्हाड गुन्ह्याची झाली. आमचे पणजोबा याच खात्यात बसून दंडाच्या नोंदी करीत असतील, हा विचार आमच्या मनास लागल्यावाचून राहत नाही. साग महागला, पत्रा स्वस्त झाला, आणि पेटाऱ्याची जागा ट्रंकेने घेतली.

येथे पोथीकडे वळणे प्राप्त आहे. आमची जुनी पोथी म्हणजे सुट्या पानांची चळत. खालीवर एकेक लाकडी फळी, भोवती कापडी बासन, त्यावर दोरी घट्ट आवळलेली, आणि हे सर्व लाकडी पेटीत. आमच्या जुन्या भाषेत पेटीस ‘मांदूस’ म्हणत. संस्कृत मंजूषेचेच ते रूप. यातील एकही आवरण पाण्यास बंद नाही. पण प्रत्येक आवरण थोडी ओल स्वतः पिते आणि सावकाश सोडते. बाहेर वीस अंशांची उलथापालथ झाली तरी आत तिचा धक्का फार मंद पोहोचतो. ओलपेटीचे तत्त्व हेच, केवळ प्रमाण निराळे: कागदास शेकडा ५० च्या आसपासची हवा मानवते आणि ६५-७० च्या वर बुरशी धरते. चिरुटाची हवा पोथीस देऊन चालणार नाही.

पत्र्याचे तसे नाही. लोखंड ओल पीत नाही. पावसाळ्यात दमट हवेसकट ट्रंक मिटली आणि रात्री पत्रा गार झाला की, ती ओल आतल्या अंगास दंवासारखी जमते आणि कागदावर उतरते. धाब्याखालच्या माळ्यावर आमच्या पोथ्यांचे असेच झाले. तथापि लाकूड हे सर्वगुणसंपन्न आहे असेही कोणी समजू नये. वाळवी लाकडातून येते. सागाचा गाभा तिला दाद देत नाही, पण बाहेरचा पांढुरका भाग ती खाते. काही लाकडांतून आम्ल वाफा निघतात व त्यांनी कागद पिवळा पडतो. ग्रंथालये लोखंडी कपाटे पसंत करितात ती निष्कारण नव्हे. मात्र त्यांस वारा खेळता ठेवावा लागतो आणि आत बासन ठेवावे लागते.

धुळे शहरास या विषयात विशेष मान आहे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आपले अखेरचे दिवस येथे काढले; ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले. याच गावी शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली, गावोगावच्या मठांतून रामदासी बाडे जमविली, आणि डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापला. श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ही बाडे आजही आहेत. कल्याणस्वामींची ती प्रत अडीचशे वर्षे टिकली, तेव्हाच देवांस ती छापता आली. तिला कोणी तरी, कशात तरी, दर वर्षी उन्हे दाखवून जपली होती. त्या जपणाऱ्यांची नावे कोणत्याही प्रस्तावनेत नाहीत. संशोधक दप्तर शोधून काढतो, त्याचे श्रेय मोठे. पण तो येईपर्यंत ते दप्तर जिवंत ठेवणाराचे श्रेय त्याहून लहान आहे, असे आम्हांस आता वाटत नाही.

ही गोष्ट आम्ही त्या सुतारबाबांस सांगितली आणि पत्र्यास पुष्कळ बोल लाविला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, ‘दादा, ती ट्रंक तुम्ही दहाबारा वर्षांत कितीदा उघडली?’ आम्ही निरुत्तर झालो. पेटारा होता तेव्हा आजी दर वर्षी आखाजीच्या सुमारास कागद काढून ओसरीवर सावलीत पसरीत असे, बासने झटकून, निंबाचा नवा पाला घालून पुन्हा बांधीत असे. पेटारा गेला त्याच्या आधीच ती गेली होती. तिची विद्या आम्ही घेतली नव्हती. नुसती पेटी बदलली होती.

चिरुटाच्या पेटीचे रहस्यही अखेर हेच निघाले. तीत सुया-दोरे होते, म्हणून ती रोज उघडली जात होती. तिच्या लाकडास रोज नवी हवा मिळत होती. वाचकांच्या घरी माळ्यावर एखादी पेटी असेल, मग ती सागाची असो वा पत्र्याची, तर येत्या पावसाळ्यापूर्वी ती एकवार खाली उतरवावी, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करितो. पान का सडले, या बिरबलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस लहानपणापासून पाठ होते. ते आमच्याच ट्रंकेस लागू आहे, हे समजण्यास मात्र सारी दौलत हातची जावी लागली.